गव्हाचा रंग कोणाच्या डोळ्यांनी बघायचा?

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना येथे शेतकरी व शेतमजूर बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलणाऱ्या ताई गहू संशोधनाच्या कामावर रोजंदारी मजूर म्हणून लागल्या आणि प्रयोगशाळेतल्या मदतनीस म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या इच्छेवरून नाव दिलेले नाही. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मला इथं बोलावलं तेव्हा ताईंनी विचारलं, "विषय काय लिहू?" मी म्हटलं, "गव्हाचा रंग." त्या जरा गप्पच झाल्या. मिरचीच्या गावात येऊन ही बाई गव्हाच्या रंगावर काय बोलणार, असं त्यांना वाटलं असणार. पण मिरची तोडणाऱ्या बाईला रंगाचं राजकारण समजावून सांगावं लागत नाही. तोडते ती, निवडते ती, आणि बाजारात ढीग बघून "रंग उतरला" असं म्हणत भाव पाडतो तो दुसराच. गव्हाचंही तसंच आहे. फक्त ते घडतं लांब, कागदावर, वाण तयार होतो तिथं. म्हणून आपल्याला दिसत नाही.

आधी माझी एक गोष्ट सांगते. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्याच्या तोंडावर, गहू कापून शेतात पडलेला असताना पाऊस आला. चार दिवस वाळवला, मळला, घरात आणला. दाणा जरा मळकट दिसत होता, पण टाकून कोण देणार? दळून आणला. कणीक भिजवली की हाताला चिकटायची. पोळी लाटताना पोळपाट सोडायची नाही, तव्यावर टाकली की फुगायची नाही, आतून ओलसर राहायची. सासूबाई म्हणाल्या, "आईनं काही शिकवलं नाही." नणंद हसली. दोन महिने मी रोज त्या परातीपुढं रडत होते. माहेरी गेले तेव्हा आईकडं तक्रार केली, तर तीही म्हणाली, "पाणी कमी घालत जा." म्हणजे चूक माझीच.

पुढं कितीतरी वर्षांनी, गव्हाच्या कामावर असताना मला कळलं की त्यात माझ्या हाताचा दोष नव्हता. पिकलेल्या दाण्याला ओल लागली की तो ओंबीतच उगवायला लागतो. कोंब बाहेर दिसला नाही तरी आतली तयारी सुरू होते. दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होतं आणि ते पिठातल्या पिष्टाची साखर करायला लागतं. कोंबाला अन्न हवं असतं ना! असं पीठ पाणी धरत नाही, चिकटतं, पोळी कच्ची राहते. जगातली कुठलीही सुगरण आणा, त्या पिठाची चांगली पोळी तिला येणार नाही.

आणि दुसरी गोष्ट कळली ती अशी की पावसात कोणता गहू लवकर उगवायचा आणि कोणता तग धरायचा, याचा दाण्याच्या रंगाशी संबंध आहे. त्या दिवशी मला सासूबाईंची फार आठवण आली. त्या तेव्हा नव्हत्या. असत्या तर त्यांना सांगितलं असतं.

आता रंग येतो कुठून ते बघू. तुमच्यापैकी कितीजणी शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जातात? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आपला जालना जिल्हा बियाण्यांचा जिल्हा म्हणून देशभर ओळखला जातो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात बियाणे कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हापासून आजपर्यंत कपाशीच्या, मिरचीच्या, टोमॅटोच्या फुलातले पुंकेसर काढून दुसऱ्या फुलाचा पराग लावायचं काम बायांच्याच बोटांनी चालतं. म्हणजे संकर कसा करतात हे मला तुम्हाला शिकवायचं नाही. गव्हाचा संकरही तसाच. फूल बारीक असतं, एकेका फुलात तीन पुंकेसर असतात. ते फुटायच्या आधी चिमट्यानं काढायचे, ओंबीवर कागदाची पिशवी घालायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. ज्या झाडाची ओंबी ती आई, ज्याचा पराग तो बाप.

समजा आई पांढऱ्या दाण्याची आहे आणि बाप लाल दाण्याचा. आपण केलेल्या संकराचा दाणा कोणत्या रंगाचा येईल? काहीजणी म्हणतील मधला, काहीजणी म्हणतील लाल. तो पांढराच येतो. आईसारखा. कारण गव्हाचा लाल रंग असतो दाण्याच्या सालीत, आणि साल आईच्या अंगाची असते. आतला कोंब आई-बाप दोघांचा, पण वरचं पांघरूण आईचं. लेकराला आईच्या लुगड्यात गुंडाळावं तसं. तो दाणा पेरला, त्याचं झाड झालं, की त्या झाडाच्या ओंबीत जे दाणे भरतात ते लाल. म्हणजे बापाचा रंग एक पिढी उशिरा दिसतो.

१९०९ साली स्वीडनमध्ये स्वालोफ इथं हरमन निल्सन-एले नावाच्या शास्त्रज्ञानं याचा हिशेब मांडला. गव्हात लाल रंगाच्या तीन किल्ल्या आहेत. त्यातली एक जरी असली तरी दाणा लाल. तिन्ही नसल्या तरच पांढरा. तिन्ही किल्ल्या असलेला लाल गहू आणि पांढरा गहू यांचा संकर केला, तर पुढच्या पिढीत ६४ झाडांमागं ६३ लाल आणि १ पांढरं निघतं. एकच किल्ली असली तर चारात एक पांढरं. म्हणजे पांढरा, किंवा आपण ज्याला मोतिया, सोनेरी म्हणतो तो दाणा हवा असेल तर ढिगानं झाडं लावायची आणि त्यातली मोजकी ठेवायची. बाकीची टाकायची. ठेवायचं आणि टाकायचं हे काम सुपात, टेबलावर, डोळ्यांनी होतं. ते डोळे बहुतेक बायांचे असतात. पण काय ठेवायचं हा हुकूम कुणाचा असतो, तिकडं मला यायचं आहे.

पांढऱ्या गव्हाची मागणी काही फक्त आपल्या चुलीपासून सुरू झाली नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई आणि कराची बंदरातून गहू विलायतेला जायचा. तिथल्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानचा पांढरा, मऊ गहू हवा असायचा, त्यांच्या पिठात मिसळायला. बिहारमधल्या पुसा इथं अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड या नवराबायकोनं हिंदुस्थानातले गहू गोळा केले, वेगळे केले आणि पुसा ४, पुसा १२ यांसारखे वाण दिले. गॅब्रिएल हॉवर्ड केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. १९१३ साली सरकारनं त्यांना शास्त्रज्ञ म्हणून स्वतंत्र पदावर नेमलं. कागदांवर दोघांचीही नावं आहेत. पण आज नुसतं "हॉवर्ड" म्हटलं की लोकांना अल्बर्टच आठवतात. बंगल्यातल्या बाईची ही गत, तर सूप घेऊन बसलेल्या बाईची काय असणार?

मग आलं १९६० चं दशक. देशात धान्य कमी. अमेरिकेतून जहाजांनी गहू यायचा. तो बराचसा लाल. आमच्या लहानपणी कंट्रोलच्या दुकानात तो मिळायचा. पुढं १९७२ च्या दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर होते, तेव्हा मिलो खाल्ला. ती अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी तांबडी, घशाखाली उतरत नव्हती. आमच्या पिढीच्या मनात लाल धान्य म्हणजे रांगेत उभं राहून घेतलेलं, मिंधेपणाचं धान्य असं बसलं ते तेव्हापासून. हे मी मुद्दाम सांगते. "लोकांना पांढरा गहू आवडतो" असं अहवालात एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या आवडीत चव किती आणि अपमानाची आठवण किती, हे कुणी विचारत नाही.

त्याच काळात मेक्सिकोहून बुटके गहू आले. १९६६ साली १८,००० टन बियाणं आलं. त्यातल्या मुख्य वाणाचं नाव लेर्मा रोहो. स्पॅनिश भाषेत 'रोहो' म्हणजे लाल. उत्पन्न भरपूर, झाड लोळत नाही, पण दाणा लाल. बाजारात त्याला भाव मिळेना. मग आपल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोच्याच सामग्रीतून सोनेरी दाण्याच्या ओळी निवडल्या. कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण त्यातून १९६७ साली आले आणि देशभर पसरले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत सोनोरा ६४ या लाल वाणाच्या बियाण्यावर किरणांचा मारा करून सोनेरी दाण्याचा शरबती सोनोरा काढला. म्हणजे अणुशक्ती वापरली ती दाण्याचा रंग बदलायला! आज मोंढ्यात 'शरबती' म्हणून विकतात तो हा नव्हे बरं का. तो मध्य प्रदेशातल्या सिहोरकडचा, सी ३०६ यासारखा जुना गहू. नाव एक, माल वेगळा.

आता कुणी म्हणेल, ताई लाल गव्हाची वकिली करायला आल्या आहेत. तसं नाही. पांढऱ्या गव्हाची आवड ही नुसती खोड नाही. अमेरिकेत बहुतेक गहू लालच पिकतो, पण तिथं पाव होतो मैद्याचा. साल, म्हणजे कोंडा, काढून टाकतात, त्यामुळं सालीचा रंग पावात येत नाही. आपण गहू सालीसकट दळतो. सालीत जे आहे ते सगळं परातीत येतं. लाल सालीची पोळी जरा काळसर होते, काहींच्या जिभेला थोडी तुरट-कडवट लागते. हे खरं आहे आणि ते बायांनाच सगळ्यांत आधी कळतं. ऑस्ट्रेलियात तर पिकवतात तोच मुळी पांढरा गहू. तेव्हा आवड खोटी नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की रंगाची किंमत आपण काय मोजतो, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

ती किंमत अशी. लाल दाणा पिकल्यावर काही आठवडे झोपलेला असतो. ओल लागली तरी लगेच उठत नाही. पांढऱ्या दाण्याची झोप सावध. चार दिवस पाऊस लागला की तो उगवायला लागतो. ज्या रंगद्रव्यानं साल लाल होते, त्याचाच या झोपेशी संबंध आहे. पूर्वी आपल्याकडं गव्हाच्या काढणीला आभाळ कोरडं असायचं, म्हणून हे फार बोचलं नाही. पण २०१४ सालचा फेब्रुवारी-मार्च आठवा. गारपिटीनं मराठवाडा झोडपला, हातातोंडाशी आलेला गहू भिजला. २०२३ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडं पाऊस झाला. पंजाब-हरियाणातल्या गव्हाची चमक गेली, तेव्हा सरकारी खरेदीचे निकष केंद्र सरकारला सैल करावे लागले. चमक म्हणजे पुन्हा रंगच. अवकाळी आता पाहुणा राहिलेला नाही. मग शंभर वर्षं आपण रंगासाठी जी झोप टाकून दिली, तिचा हिशेब आज मांडायला नको का?

आमच्या केंद्रावरची एक गोष्ट सांगते. केंद्राचं नाव घेत नाही, कारण ही एका केंद्राची गोष्ट नाही. आम्ही बारा-तेरा बाया निवडीच्या टेबलावर बसायचो. समोर पाकिटं. एकेका ओळीचे दाणे ताटलीत ओतायचे. आकार, चमक, रंग बघायचा. शंका आली तर दाणे सोडियमच्या क्षारद्रावणात भिजवायचे. लाल असेल तर गडद तपकिरी होतो, पांढरा असेल तर पेंढ्यासारखा फिक्कट पिवळा. साहेब म्हणायचे, "बायकांची नजर मशीनपेक्षा पक्की." तोंडभर कौतुक. हजेरी मात्र रोजंदारीची.

एका वर्षी काढणीच्या वेळी तीन दिवस पाऊस लागून राहिला. शेतात गेलो तर ओंब्यांना कोंब फुटलेले. एक ओळ मात्र तशीच ठणठणीत उभी. दाणा भरदार. पण लाल. यादीत तिच्यापुढं काट पडली. टाकायच्या ढिगातला तो गहू आम्ही चौघींनी वाटून घेतला, दळला, पोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चार घरच्या पोळ्या मांडून बसलो. रंग थोडा काळसर. एकीला तुरट लागली, तिघींना नाही. पण सकाळी केलेली पोळी संध्याकाळपर्यंत मऊ होती. रानात भाकर बांधून नेणाऱ्या बाईला हे किती मोलाचं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही साहेबांना जाऊन सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पोळी खाल्ली, चांगली म्हणाले. मग म्हणाले, "बाई, मोंढ्यात दाणा जातो, पोळी जात नाही."

आम्ही म्हटलं, "मग निदान क्रॉसिंगला तरी ठेवा. हिची झोप पांढऱ्या वाणात आणता येत असेल तर बघा." त्यांनी एक पाकीट कपाटात ठेवलं. पुढं त्यांची बदली झाली. ते पाकीट पुन्हा कधी बाहेर निघालं नाही. आमची सूचना कुठल्या वहीत लिहिली गेली नाही, कारण मजूर बायांच्या सूचना लिहायला वहीत रकानाच नव्हता. आणि ती सूचना काही वेडगळ नव्हती. पांढऱ्या दाण्याच्याही काही ओळींना थोडीबहुत झोप असते आणि ती वाढवायचं काम जगभर चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, चपातीचे गुण तर शास्त्रज्ञ मोजतातच. मोजतात. देशभरच्या गहू सुधार प्रकल्पात चपातीला १० पैकी गुण देतात. रंग, फुगणं, वास, चव, मऊपणा सगळं बघतात. चांगली गोष्ट आहे. पण ती चपाती होते शेवटी. आधी शेतात आणि टेबलावर निवड होते, आणि लाल ओळी तिथंच गळतात. ज्या ओळी तव्यापर्यंत पोचतच नाहीत, त्यांना गुण कोण देणार?

मघाशी मागं बसलेल्या आजींनी मला विचारलं, "मग खपली का गेली? ती तर तांबडीच होती आणि खिरीला तिच्यासारखी दुसरी नाही." आजी, खपली रंगामुळं गेली नाही. तिचं उत्पन्न कमी, आणि टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं. ती उखळात कुटावी लागायची. कुटायचं कुणी? बाईनं. बंद झाली तेव्हा कितीतरी बायांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. आता शहरात मधुमेहवाले ती महाग घेतात, टरफल काढायला यंत्रं आली आहेत. म्हणून म्हणते, जुनं ते सगळं सोनं असं मी सांगत नाही. जुन्या वाणाचं कौतुक करणाऱ्यानं आधी विचारावं, कुटणार कोण?

तसंच काळ्या गव्हाचं. मोहालीच्या सरकारी संस्थेनं जांभळ्या, निळ्या, काळ्या दाण्याचे गहू तयार केले. त्यातलं रंगद्रव्य जांभळात असतं त्या जातीचं आहे, ते खरं आहे. पण त्यावरून "काळा गहू खा, सगळे रोग जातील" असं सांगून दामदुपटीनं बी विकणारे गावोगाव फिरले. सावध राहा. रंग पाहून पोषण कळत नाही. आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्याला लोह हवं आहे, जस्त हवं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस ४०२८ हा बन्सी गव्हाचा वाण काढला. त्यात किलोला सुमारे ४६ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त आहे. दिसायला तो चारचौघांसारखाच. डोळ्यांनी हे कुणाला ओळखता यायचं नाही.

मुलगी बघायला येतात तेव्हा काय बघतात, ते आठवतंय ना? आधी रंग. गोरी आहे का. ती कष्टाला कशी, शिकलेली किती, मनानं कशी, हे नंतर. कधी विचारतच नाहीत. दाण्याची तुलना मुलीशी करणं मला फारसं आवडत नाही, मुलगी म्हणजे माल नाही. पण बघणाऱ्याची नजर एकच आहे. दुरून, झटपट, वरच्या सालीवरून किंमत ठरवणारी. ज्या नजरेखाली आपण वाढलो, तीच आपण सुपातल्या दाण्याला लावतो, आणि "बाई, काय लख्ख गहू आहे" म्हणतो.

मग आपण करायचं काय? तीन गोष्टी सांगते आणि थांबते.

पहिली, रंग वाचायला शिकू. दाण्याचा रंग तीन कारणांनी वेगळा दिसतो. एक, वाणाचा रंग. साल आईची असल्यामुळं एका झाडाचे सगळे दाणे एकाच जातीच्या रंगाचे असतात. तेव्हा ढिगात लाल-पांढरे मिसळले असतील तर दोन वाणांची झाडं मिसळलेली आहेत. दोन, आतला पोत. बन्सीचा दाणा काचेसारखा असायला हवा. त्यात खडूसारखे पांढरे दाणे दिसले तर बहुधा नत्र कमी पडलंय. वाण बिघडलेला नाही. तीन, इजा. टोकाला काळा, मळकट, चमक गेलेला, कोंबाजवळ साल फाटलेला. हा ओलीचा किंवा बुरशीचा गहू. तो बियाण्याला ठेवू नका. आणि त्याची पोळी बिघडली तर सुनेला बोल लावू नका. हे प्रत्येक सासूला सांगा. आज इथं ज्या सासवा बसल्या आहेत त्यांनी आजच घरी जाऊन बोलायला हरकत नाही.

दुसरी, बी हातात ठेवू. कपाशीचं, मिरचीचं संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. गव्हाचं तसं नाही. गव्हाचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून घरचं बी वर्षानुवर्षं तसंच येतं. मळणीआधी शेतात जा. भरदार, निरोगी ओंब्या स्वतः निवडा. एकेक ओंबी हातावर चोळून दाणे बघा, एकसारख्या रंगाच्या ओंब्यांचं बी वेगळं ठेवा. पाऊस पडून गेल्यावर मुद्दाम जा आणि कोणत्या ओंब्या उगवल्या नाहीत ते बघा. त्यातली एखादी लाल निघाली तर टाकू नका, एक वाफा लावून बघा. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी ठेवायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाण कंपनीसारखा छाप मारून विकता येत नाही एवढंच. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदही होते. अकोल्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली पद्मश्री मिळवली. पण कायद्यात 'शेतकरी' लिहिलं की साहेबाच्या डोळ्यांपुढं पागोटं येतं. सातबाऱ्यावर आपलं नाव नाही, तर वाणाच्या अर्जावर कसं येणार? म्हणून ही लढाई सातबाऱ्याच्या लढाईपासून वेगळी नाही.

तिसरी, निवडीच्या टेबलावर बसू, पण सूप घेऊन नाही. निफाडला, परभणीला, पुण्याला गव्हाचं संशोधन चालतं. तिथं शेतकरी मेळावे होतात, शिवारफेरी होते. किती बाया जातात? जीप भरून पुरुष जातात. आपण मागणी करायची की शेतात वाण निवडायच्या वेळी गावोगावच्या बायांना बोलवा. फक्त दाणा दाखवू नका, पीठ द्या. आम्ही भिजवू, लाटू, भाजू, संध्याकाळी पुन्हा खाऊन बघू आणि मग सांगू. आणि आमचं म्हणणं वहीत लिहा. रकाना नसेल तर आखा. निवडीच्या टेबलावर ज्या बसतात, त्या मजूर बायांची नावंही वाणाच्या अहवालात येऊ द्या.

सगळ्या बायांना एकच गहू आवडेल असं नाही. सणाच्या पुरणपोळीला एकीला लख्ख गहू हवा असेल, अवकाळीच्या पट्ट्यातल्या दुसरीला तगणारा लाल चालेल. ठरवू द्या ना आम्हाला. चारात एक पांढरा ठेवायचा की तीन लाल ठेवायचे, हा निर्णय दाणा नुसता बघणाऱ्यानं एकट्यानं घेऊ नये. तो खाणारीनं, रांधणारीनं आणि पेरणारीनंही घ्यावा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या घरच्या गव्हाची एक मूठ घेऊन या. रुमालात बांधून आणा, वाणाचं नाव माहीत असलं तर चिठ्ठीवर लिहून घ्या. मी द्रावण घेऊन येते. सगळ्यांचे दाणे एका ताटात भिजवू आणि कुणाचा लाल, कुणाचा पांढरा ते बघू. मग चूल पेटवून पोळ्या करू. वही मी आणीनच. या वेळी रकाना आपण आखायचा आहे.